देवीचा कौल आणि माझी जीभ

हे मी सांगतोय आणि सून लिहितेय. माझ्याच्याने पेन धरवत नाही, बोलणंही जड झालंय, तेव्हा थोडक्यात सांगतो.

मी शिरगावचा मच्छीमार. तारापूरला बिजलीघराचं काम सुरू झालं, त्या सुमाराला माझा उजवा हात वाळायला लागला. जाळी ओढून मान आधीच कुरकुरत होती. मुंबईच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, मानेच्या मणक्यांमधली चकती सरकलीय, नस दाबतेय, ऑपरेशन करू. त्यासाठी होडी विकावी लागणार होती. होडी गेली तर खायचं काय, आणि हात गेला तर होडी घेऊन करायचं काय! डोकंच चालेना. बायको म्हणाली, "देवीला इचारू."

आमच्याकडे ज्याचा प्रश्न त्यानेच देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावायच्या, तेही उजव्या हाताने. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी तीनदा लावायला गेलो, तीनदा पाकळी चिमटीतूनच निसटली. मागे कुजबुज झाली, "देवी याचं कायच घेत नाय." खरं सांगतो, मला देवीचा रागच आला. दरवर्षी ओटी भरायची, आणि गरजेला ही गप्प!

रांगेत मागे एक बाई उभी होती, ऑपरेशनचं माझं गाऱ्हाणं तिने ऐकलं होतं. माकुणसारची, मुंबईच्या इस्पितळात नर्स, सुट्टीवर आलेली. तिची नजर माझ्या दंडावर होती.

"काका, हात दुखतो काय? मुंग्या येतात?"

"नाय गो, नुसता जोर नाय."

"मग कातडीखाली हे काय फडफडतंय? जीभ दाखवा बघू."

देवळात, चारचौघांत जीभ काढायची! पण काढली. तिचा चेहरा उतरला. जीभही तशीच थरथरत होती म्हणे. "ऑपरेशन थांबवा," ती म्हणाली, आणि तिच्या इस्पितळातल्या नसांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली.

त्या डॉक्टरांनी सांगितलं, चकती सरकलीय हे खरं, पण मानेतली चकती जिभेपर्यंत पोचत नाही. हा मोटर न्यूरॉनचा आजार. कापून हात परत येणार नाही, आणि याला औषध नाही. बाहेर बाकावर बसून मी पोरासारखा रडलो.

होडी राहिली. मुलगा ती घेऊन जातो, चूल पेटते. त्या बाईची पुन्हा गाठ पडली नाही. लोक चमत्कार म्हणतात, मी वाद घालत नाही. एवढंच कळतं की पाकळ्या चिकटून उजवी आधी पडली असती, तर मी होडी विकून मान कापून घेतली असती. मी हो की नाही मागत होतो, आणि देवीने माझ्या मागे माणूस उभं केलं. आता मी काही विचारत नाही. ती ठेवील तसा राहतो.

संध्याकाळी दिवा लागला की बायको समोर बसते. माझे दोन्ही हात उचलून जुळवते आणि सुटू नयेत म्हणून धरून ठेवते. तिचे स्वतःचे जोडायचे राहून जातात. देवीला ते चालत असावं.