काठ सरळ दिसला म्हणून

आज रविवारी सकाळी साडेनऊ वाजता मी नेहमीप्रमाणे आपल्या साडी ग्रुपवरच्या फोटोंना 'हातमाग' किंवा 'यंत्रमाग' असे टॅग लावत होतो. तेवढ्यात आमच्या आंधळगावातलेच, कोशाच्या रेशमी साड्या हातमागावर विणणारे दामूकाका मोबाईल घेऊन दारात आले.

"काहून रे, माह्या कोशाच्या साडीले 'यंत्रमाग' काहून लिवलं? नागपूरच्या बाईनं ते वाचून साडी नको म्हटली."

"काका, काठ एकदम सरळ होता. हातमागाचा थोडा तरी हलते, असा ग्रुपचा नियम आहे."

"मंग तुह्या नियमासाठी आता वाकडं विणू काय?"

मागून आई म्हणाली, "चार घरं सोडून त्यायचा माग आहे. जाऊन पाहाले पाय दुखत होते काय?"

आईचं खरं होतं. फोटो दहा वेळा मोठा करून पाहिला होता, पण काकांना एकदाही विचारलं नव्हतं.

टॅग लगेच बदलला. त्या बाईंची माफीही मागितली, पण अजून उत्तर नाही. साडी काकांच्या घरीच आहे.

काकांना सांगायची हिंमत झाली नाही, तुम्हाला सांगतो. तो नियम ग्रुपला मीच सुचवला होता. त्यापायी तुमच्याही हातच्या साडीवर मी 'यंत्रमाग' लिहिलं असेल, तर खाली सांगाल का?