मेश्राममावशी आणि समोरची खिडकी

‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की ‘तेव्हा तू उभा कुठे होतास?’ असं तुम्ही त्याला कधी विचारता का?

सुनंदा मेश्राम सगळ्यांना विचारायच्या. गुन्ह्यांचे पुरावे तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत त्या शास्त्रज्ञ होत्या, आणि लखनौच्या विकास नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. एकदा कुंड्या फुटल्या म्हणून शेजारच्या तिवारीजींनी दूधवाल्याला धरलं. “गमले इसी ने तोड़े, मैंने बालकनी से देखा!” मावशी घरातल्या चपला घालूनच त्यांच्या बाल्कनीत गेल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “भाईसाहब, यहाँ से तो बस अमरूद का पेड़ दिखता है.”

“मैडम, आप तो वकील निकलीं!”

“वकील बोलता है. मैं खड़ी होकर देखती हूँ.”

प्रयोगशाळेत लेसर स्कॅनर आला, तेव्हा तर त्यांचे पाय जमिनीला टेकेनात. तिकाटण्यावरचं ते यंत्र स्वतःभोवती फिरतं, लाखो बिंदूंची अंतरं मोजतं आणि अख्खी खोली जशीच्या तशी संगणकात उभी करतं. “फोटोत फोटोवाल्याला दिसलं तेवढंच दिसते, पोरी,” हातातलं लाटणं नाचवत त्या मला सांगत होत्या. “यात पाहिजे तिथं उभी राहा! दारात राहा, पलंगाखाली राहा. भिंत खोटं बोलत नाही ना!” त्यांची पोळी तव्यावर करपली. आम्ही दोघी हसलो आणि तीच खाल्ली.

मग लखनौच्याच वृंदावन योजना या वसाहतीत एका निवृत्त कारकुनाचा त्याच्या घरात खून झाला. त्या दुपारी नळ दुरुस्त करायला आलेल्या रामसजीवनला पोलिसांनी उचललं. समोरच्या घरातल्या वर्माजींनी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून त्याला पाना मारताना पाहिलं होतं म्हणे. पान्यावर रक्त नव्हतं, घरातलं काही गेलं नव्हतं. होती ती एवढी एकच साक्ष. गरीब माणसाला आत टाकायला या देशात एवढं पुरतं! मी एका छोट्या साप्ताहिकासाठी या खटल्यावर लिहीत होते. रामसजीवनची बायको फूलमती प्रत्येक तारखेला कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेली असायची. दर वेळी एकच विचारायची, “दीदी, आज छोड़ देंगे?”

त्या घराचा स्कॅन मावशींनीच केला होता. मी तडक वर गेले. “मावशी, तो निर्दोष आहे. तुम्हाला काय दिसलं ते सांगा.”

“निर्दोष? तू काय तिथं होती?” त्या भडकल्या. “माझ्या स्वयंपाकघरात कोर्ट भरवून राहिली काय? उद्या पोलीसवाला येऊन असंच विचारेल, तेव्हा त्यालाही चहा पाजून सांगू?”

मी तोंड पाडून जिना उतरू लागले. मागून आवाज आला, “मागायचं ते कोर्टात मागा. सगळं मागा.”

सगळं म्हणजे काय, हे दुसऱ्या दिवशी रामसजीवनच्या वकिलांकडे कागद चाळताना कळलं. आरोपपत्राला स्कॅनमधली फक्त दोन छापील चित्रं जोडली होती, दोन्ही खोलीच्या आतली. वकिलांनी अर्ज केला, न्यायाधीशांनी मंजूर केला आणि साक्षीला आलेल्या मावशींनी पूर्ण स्कॅन भर कोर्टात पडद्यावर उघडला.

तो दिवस मी जन्मात विसरणार नाही! पडद्यावरचं चित्र खोलीतून बाहेर सरकलं, त्यानं रस्ता ओलांडला, वर्माजींच्या जिन्यानं ते चढलं आणि त्यांच्या खिडकीत थांबलं. मावशींनी यंत्र तिथंही नेलं होतं!

“आपको कमरे का काम दिया था,” सरकारी वकील चिडले. “सामनेवाले घर क्यों गईं?”

“देखनेवाला वहाँ खड़ा था, साहब.”

खिडकीतून दिसत होतं उघडं दार आणि भिंतीवरचं अर्धं कॅलेंडर. प्रेत सापडलं ती जागा भिंतीआड होती. न्यायाधीश म्हणाले, “थोड़ा आगे झुककर दिखाइए.” मावशींनी नजर पुढे सरकवली. “इससे आगे जाली है, साहब. सिर बाहर नहीं जाएगा.”

पडद्याकडे बघत वर्माजींनी मान्य केलं. त्यांनी रामसजीवनला आत जाताना आणि बाहेर येताना पाहिलं होतं. मधलं सगळं त्यांच्या मनानं भरून काढलं होतं. रामसजीवन सुटला. फूलमतीनं मावशींचे पाय धरायला हात पुढे केले, तर त्या झटकन मागे सरल्या. “मैंने किसी को नहीं छुड़ाया. जो दिखता था, वही दिखाया.”

निवृत्तीनंतर त्या नागपूरला गेल्या आणि काही वर्षांतच आजारानं वारल्या. यंत्रं आता नवी आली आहेत, पण जामिनासाठी झगडणाऱ्याच्या हातात अजूनही दोन सपाट चित्रंच पडतात. म्हणून सांगते, तुमच्या ओळखीतलं कुणी आत असेल, तर आजच त्याच्या वकिलाला गाठा. जागेचा स्कॅन झाला होता का, विचारा. झाला असेल तर चित्रांवर भागवू नका. पूर्ण स्कॅन मिळावा म्हणून कोर्टात लेखी अर्ज करा.