मांजरीने केलेली टेकडी

माझ्या खोलीखाली बेकरी आहे. भूगोलकाका आणि त्यांचा मेहुणा मिळून ती चालवतात. मेहुणा पावाचं पीठ मळतो, काका केक सजवतात. काकू गल्ल्यावर बसतात आणि दोघांना धाकात ठेवतात.

काकांना हे नाव सैन्यात पडलं. भरतीच्या वेळी साहेबाने विचारलं, काय येतं? हे म्हणाले, केकवर डोंगर काढता येतात, झाडं काढता येतात, मागणी असेल तर तळंसुद्धा. साहेबाने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि वाळूच्या टेबलावर नेमलं.

लढाईआधी सैन्यात मोठ्या टेबलावर ओल्या वाळूत सगळा मुलूख उभा करतात. अधिकारी भोवती जमतात, छडी फिरवतात आणि कोणाला कुठे मरायला पाठवायचं ते ठरवतात. काका निळी पूड टाकून नदी करत, शेवाळ लावून जंगल करत. त्यांचे डोंगर इतके मऊसूत दिसत की एका मेजरने एकदा सवयीने बोट लावून चाटलं. मग दिवसभर थुंकत होता.

लढाई सुरू झाली तेव्हा काकांचं लग्न नवं होतं. मेहुणाही त्याच पलटणीत भरती झाला होता. निघताना काकू म्हणाल्या, "माझा भाऊ तुमच्या हवाली करतेय. जसा नेताय तसा आणा. एकटे येणार असाल तर येऊ नका."

लग्नानंतर काकूंनी दिलेला हा पहिला हुकूम. काकांच्या मते सबंध लढाईत शहाणा म्हणावा असा हुकूम हा एकच.

छावणीत एक मांजर होती. ओली वाळू तिला फार पसंत पडली. एका रात्री ती टेबलावर चढली, सपाट माळाच्या मधोमध आपला कार्यभाग उरकला आणि रीतीप्रमाणे वर वाळू ओढून निघून गेली. सकाळी काका साफसफाईला पोचण्याआधी जनरलसाहेब पोचले होते. कागदी नकाशा ते बघत नसत. त्याला चष्मा लावावा लागे, आणि चष्मा लावला की ते पोस्टमास्तरसारखे दिसत.

साहेबांनी त्या उंचवट्यावर छडी टेकवली. म्हणाले, ही टेकडी ज्याच्या हातात, लढाई त्याच्या हातात. उद्या दुपारपर्यंत ती हवी. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण त्यांना भरून आलं आणि त्यांनी टेकडीला आपल्या आईचं नाव दिलं.

टेकडी घ्यायचं काम ज्या तुकडीला मिळालं, त्यात मेहुणा होता.

काका धावत त्या तुकडीच्या कॅप्टनकडे गेले. कॅप्टन वयाने लहान होता, नुकती मिशी फुटलेला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मला ठाऊक आहे, भूगोल. मेजरनाही ठाऊक आहे. ब्रिगेडियरसाहेबांना तर वाससुद्धा आला. पण आता साहेबांना कोण सांगणार, की तुमच्या मातोश्रींच्या पोटात काय आहे ते?"

मांजरीच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न आपण लहानपणापासून ऐकतो. इथे मांजर निघून गेली होती. घंटा जनरलच्या गळ्यात बांधायची होती.

मग काकांनी आपल्या बुद्धीने एक केलं. साहेब जेवायला गेले तेव्हा त्यांनी टेकडी उचलून टाकली आणि माळ सपाट केला. साहेब दात कोरत परत आले. माझी टेकडी कुठे गेली, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, वाळू सुकून ढासळली, साहेब. साहेब म्हणाले, मग परत कर.

आणि काकांनी परत केली. सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या हाताने. हात केकवाल्याचा, ही टेकडी पहिलीपेक्षा देखणी झाली. साहेब इतके खूश झाले की म्हणाले, तुला हा मुलूख चांगला माहीत दिसतो, उद्या वाट दाखवायला तूच जा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी धुक्यातून तुकडी निघाली. पुढे काका. कवायतीपलीकडे त्यांनी बंदूक धरलेली नव्हती. मेहुणा मागून विचारत होता, दाजी, अजून किती लांब? काका म्हणत होते, हे काय, आलंच. दुसरं काय म्हणणार?

धुकं विरलं. माळ पोळपाटासारखा सपाट होता.

हुकूम असा होता, की टेकडी घ्यायची आणि माथ्यावर झेंडा लावायचा. साहेब मागून दुर्बिणीतून बघणार होते. झेंडा दिसला नाही तर तुकडीने पाठ दाखवली असं धरलं जाणार होतं. पाठ दाखवणाऱ्यांचं काय करतात ते सगळ्यांना माहीत होतं. कॅप्टन खाली बसला. त्याने ढेकळ उचललं, फोडलं, टाकून दिलं.

काका म्हणाले, "साहेब, टेबलावर केली तशी इथे करू."

त्यांनी खणायला घेतलं. सगळी तुकडी खणत होती. डोंगर पोखरला की उंदीर निघतो म्हणतात. हे माळ पोखरून डोंगर काढत होते. मेहुणा फावडं मारत होता आणि जनरलसाहेबांच्या खानदानाचा उद्धार करत होता. काका कडा थापून गोल करत होते. सवय. तुकडीच्या बाजूला लांब खड्डा पडला आणि पलीकडे दीड पुरुष उंचीची टेकडी उभी राहिली. कॅप्टन हसला. झेंडा घेऊन वर चढला.

साहेबांनी दुर्बिणीतून झेंडा पाहिला. शत्रूनेही पाहिला.

पहिला गोळा पडला तेव्हा सगळे खड्ड्यात होते. कॅप्टन माथ्यावर होता.

मेहुण्याने त्याला पडताना पाहिलं. तो वर चढायला लागला. काकांनी त्याचा पाय धरून खाली ओढला आणि त्याच्या पाठीवर चक्क बसकण मारली. तो शिव्या देत होता, चावत होता, कॅप्टनसाहेब वर आहेत म्हणून रडत होता. काका उठले नाहीत. गोळे थांबेपर्यंत ते मेहुण्यावर बसून होते. खड्ड्यातला एकही माणूस गेला नाही.

जनरलसाहेबांना पदक मिळालं.

घरी पोचल्यावर काकूंनी भावाला उजेडात उभा केला. पुढून पाहिला, मागून पाहिला, हाताची बोटं मोजली. तो म्हणाला, "ताई, जनरलसाहेबांमुळे वाचलो. त्यांनी आधीच ओळखलं होतं. टेकडीच्या निमित्ताने आम्हाला खणायला लावलं. नाहीतर त्या उघड्या माळावर एकही उरला नसता." काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, हो.

हे काकांनी मला काल सांगितलं. मेहुणा पाव पोचवायला गेला होता, काकू आत पडल्या होत्या. कोणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचा केक होता. काका त्यावर क्रीमची झाडं लावत होते. मी विचारलं, इतकी वर्षं त्याला सांगितलं का नाही?

काका झाडं लावत राहिले.

"कॅप्टनसाहेब त्याच्या डोळ्यांदेखत गेले रे. त्याचा जीव होता त्यांच्यावर. कशापायी गेले, असं विचारेल तो. मी काय सांगू? मांजर?"

मी साहित्याचा पदवीधर आहे. मी क्रीमची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

तेवढ्यात मेहुणा रिकामे ट्रे आपटत आत आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय मास्तर, असं काय तोंड केलंय? दाजींनी शिळा केक खिलवला?" मग त्याने हात धुतले, पिठाचा गोळा पुढे ओढला आणि मला कसली तरी चिंता लागलीय असं समजून माझं मन रमवायला ती लढाईची गोष्ट काढली. सेनापती कसा असावा, तो चार पावलं पुढचं कसं बघतो. आतून काकूंचा आवाज आला, मोठ्याने सांग रे, मलाही ऐकू दे.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एक झाड जरा कललं होतं, ते सरळ करत होते.

मी स्टूल पुढे ओढलं आणि मेहुण्याला म्हणालो, "मग? मग काय केलं जनरलसाहेबांनी?"