हातजाळीतला जिताडा

मी वाशीमकडचा. शाळा सातवीत सुटली, म्हणजे मीच सोडली. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीचं, नाहीतर तलावाचं. पाण्याचेही प्रकार असतात हे मला भाईंदरला येऊन कळलं, आणि तेही उशिरा.

तिथल्या इंद्रलोक भागात एका सोसायटीत मी गेट आणि पंप बघतो. ही नोकरी मला सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी लावली. साहेब मूळचे दादरचे, रिटायर होऊन इकडं आलेले. गळानं मासे धरायचा त्यांना भारी नाद. रविवारी सकाळी माझी ड्युटी संपली की मला स्कूटरवर मागं बसवून खाडीच्या जेट्टीवर न्यायचे. गळ त्यांच्या हातात, हातजाळी माझ्या. गळाला मोठा मासा लागला की दोरी तुटायची भीती असते, म्हणून लांब दांड्याच्या जाळीत त्याला खालून अलगद घ्यायचं, ते माझं काम. कुणीतरी आपल्याला मागं बसवून नेतं, याचंच मला इतकं वाटायचं की झोप राहिली तरी चालायची.

जेट्टीवर एक कोळी मावशी फाटकी जाळी शिवत बसलेल्या असायच्या. पहिल्याच हिवाळ्यात आमच्या गळाला बोटभर बोईटं, म्हणजे बोईट माशांची पिल्लं, लागली. मावशी म्हणाल्या, "बारकी हायत, सोडा." साहेब म्हणाले, "जाताना सोडू, आधी मोठं काय लागतंय बघू." मला त्या पिल्लांची काळजी वाटली. खाडीचं पाणी गढूळ, त्यात जीव गुदमरेल, म्हणून मी पलीकडच्या नळावरून स्वच्छ पाण्याची बादली भरून आणली आणि ती पिल्लं त्यात सोडली. थोड्या वेळानं सगळी पोट वर करून तरंगत होती.

मावशींनी बादलीत बोट घालून जिभेला लावलं. "गोडं पानी? अरे बाबा, तू खाडीचं पानी पिऊन जगशील का?"

"मला वाटलं, चांगलं पाणी..."

"चांगलं तुला. त्यांना न्हाय."

त्या हसल्या, पण मी त्या दिवशी नीट जेवलो नाही. पुढच्या रविवारपासून मी त्यांच्याजवळ बसून विचारून घ्यायला लागलो. कुठला ठेवायचा, कुठला सोडायचा, सोडताना हात ओला का करायचा. कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा निघतो आणि तो पुढं मरतो, हे मला शाळेत कुणी शिकवलं नसतं.

मग पावसाळ्यातले मासेमारीबंदीचे दिवस आले. इंजिनाच्या होड्या किनाऱ्याला बांधलेल्या, वर निळं प्लास्टिक. मावशींच्या घरची होडीही त्यातच. आम्ही मात्र गळ घेऊन बसलेलो.

"आमची होडी सरकार बांधतं," मावशी मला हळूच म्हणाल्या, "तुझ्या साहेबाचा गळ कोन बांधनार? हौसेला बंदी न्हाय." मग थोडं थांबून, "मोठा जिताडा लागला तर सोडायला सांग. बारका असतो तवर नर, येवढा वाढला म्हंजे ती मादीच. ह्या दिवसांत तिच्या पोटात अंडी असतात. आमच्यात या दिवसांत ती चुलीवर चढत न्हाय."

सांग म्हणणं सोपं होतं. त्याच महिन्यात सोसायटीला माणसं पुरवणारा ठेकेदार बदलणार होता. जुन्यांपैकी कुणाला ठेवायचं ती यादी साहेबांच्या हातात. माझी पोरगी गावाकडं नववीत, माझ्यापेक्षा दोन इयत्ता पुढं गेलेली. माझं नाव यादीत राहणं म्हणजे तिची शाळा राहणं.

आणि मावशी बोलल्या नेमका त्याच रविवारी जिताडा लागला. दोरी करकरायला लागली, साहेब घामाघूम. मासा वर आला तेव्हा मांडीएवढा, चंदेरी, पोट फुगलेलं. मी त्याला हातजाळीत घेतलं.

"उचल, उचल," साहेब म्हणाले.

"साहेब, ही मादी आहे. अंडी आहेत पोटात. सोडू या का?"

"तू कधीपासून मत्स्यखात्यात लागलास? उचल मुकाट्यानं."

मावशी जाळं शिवायचं थांबल्या होत्या. साहेब फोटोसाठी खिशातला मोबाइल काढायला वळले. तेवढ्यात मी माशाच्या ओठातला गळ काढला आणि दांडा कलता केला. मादी दोन हात खोल गेली, मग दिसली नाही.

"हात निसटला, साहेब."

साहेबांनी गळ गुंडाळला. स्कूटर काढून एकटेच गेले.

मला वाटलं, मावशी शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, "खोटं कशाला बोललास? आता त्यानला वाटनार, तुझा हातच कच्चा. पुढच्या वक्ताला दुसऱ्याच्या हातात जाळी देतील आनी मादी घरी नेतील. काय मिळालं?"

चालत परत येताना त्यांचं म्हणणं डोक्यातून जाईना. मासा सुटला होता, पण साहेबांनी तो सोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेब पंप बघायला आले तेव्हा मी सांगून टाकलं. "काल हात निसटला नव्हता. मी मुद्दाम सोडली."

साहेब पंपाच्या मीटरकडं बघत राहिले. "माहीत आहे मला. गळ काढताना पाहिलं मी." मग म्हणाले, "तोंडावर सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं, साहेब."

त्यांनी मीटरची काच बोटानं पुसली. "हो. सांगितलं होतंस."

नवा ठेकेदार आला. यादीत माझं नाव होतं, वरून दुसरंच. स्कूटरवर मात्र साहेबांनी मला पुन्हा कधी बसवलं नाही. नोकरी राहिली, मग स्कूटरचं दुःख करू नये असं मी स्वतःला समजावतो. रोज नाही जमत.

रविवारी सकाळी स्कूटर खाली येते, मी गेट उघडतो. स्कूटरला गळ बांधलेला असतो, हातजाळी असते. साहेब मान हलवतात, मी नमस्कार करतो. दुपारी परततात तेव्हा पिशवी कधी जड दिसते, कधी हलकी. मी विचारत नाही. विचारायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.