पावोची भिंत

आदामच्या तळघरात तेरेझा चौदा वर्षं पाव कापत होती, आणि चौदा वर्षं एकच खोटं ऐकत होती.

शनिवारी अकराला व्हिएन्नाची बस हंगेरीच्या सीमेजवळच्या त्या टेकडीखाली लागायची. जिथे एकेकाळी सुरुंग पेरलेले होते त्या द्राक्षमळ्यात पाहुणे फोटो काढायचे, मग टेकडीच्या पोटात खोदलेल्या तळघरात उतरायचे. आदाम तांबडी वाइन ओतायचा आणि विटांच्या भिंतीवर हात ठेवून सांगायचा, “एक्क्याण्णव साली युद्ध पेटलं, तोफा आल्या. सगळं गाव पळालं. मी थांबलो. चार महिने इथं, अंधारात. नाताळसुद्धा इथंच. ही भिंत या हातांनी बांधली आणि वडिलांची जुनी पिंपं मागं लपवली.” बायकांचे डोळे भरून यायचे. मग बसमध्ये वाइनच्या पेट्या चढायच्या.

भिंत पावोनं बांधली होती. पावो म्हणजे तेरेझाचा नवरा, आदामच्या तळघरातला कामगार. त्या सप्टेंबरात लवकरची द्राक्षं नुकतीच तुडवून झाली होती. तेरेझा मांडीवर गाठोडं घेऊन ट्रॉलीत बसली होती, तेव्हा ट्रॅक्टरवरून आदाम म्हणाला, “रस आंबायला लागलाय रे पावो, तो टाकून कसं चालेल? तू थांब. परवा येतो तुला न्यायला.”

“जा तुम्ही, मी बघतो,” पावो म्हणाला.

परवा कुणी गेलं नाही. सीमेपलीकडे हंगेरीत, मोहाचच्या शाळेच्या व्यायामशाळेत, निर्वासितांच्या गर्दीत, तेरेझा रोज विचारायची आणि आदाम म्हणायचा, “रस्ते बंद आहेत गं.” खरं तर त्यांनी गाव सोडल्यावर आणखी चार दिवस रस्ते उघडे होते. सात वर्षांनी गावात परतल्यावर शेजारच्या हंगेरियन म्हातारीनं तिला हे सांगितलं. म्हातारी कुठंच गेली नव्हती. पावोला विटा वाहताना तिनं पाहिलं होतं, आणि पाचव्या दिवशी शिपाई त्याला घेऊन गेले तेही. त्याची हाडं तेरेझा परतल्याच्या पुढच्या वर्षी मक्याच्या शेतात सापडली.

आदामनं पाहुण्यांसाठी तळघर उघडलं तेव्हा तेरेझानं त्याच्याकडे काम मागितलं. “त्याच्याकडं राबतेस तरी कशी?” बायका विचारायच्या.

“तिथनं तो माझ्या नजरेत राहतो,” ती म्हणायची.

दोन हिवाळे जवळच्या ओसियेक शहरातल्या वाचनालयात जाऊन ती पाहुण्यांची भाषा, जर्मन, शिकली. साठीच्या बाईला ही हौस कशाला, म्हणून लोक हसले. मग मोहाचमध्ये बरोबर राहिलेल्या एका मास्तरीणबाईंकडून तिनं एक फोटो मिळवला.

त्या शनिवारी आदाम गोष्टीतल्या नाताळवर आला, तेव्हा पावाच्या फळीवर, सॉसेजच्या कापांशेजारी, तिनं तो फोटो ठेवला. एका बाईनं उचलला. “हा कागदी मुकुटवाला कोण?”

“आमचे मालक,” तेरेझा जर्मनमध्ये म्हणाली. “एक्क्याण्णवचा नाताळ. हंगेरीत. माझ्या शेजारची खाट यांची होती. शेगडीजवळची.”

पेले हातातच राहिले. त्या दिवशी एकही पेटी चढली नाही.

आदाम तिच्यामागं स्वयंपाकघरात आला. “काय हवंय तुला? बाटलीवर पावोचं नाव घालू?”

“त्याचं नाव विकू नकोस.” आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला अरेतुरे केलं. “खरं सांगायचं. दर शनिवारी. मी समोर बसणार.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“फोटोच्या दोनशे प्रती काढल्यात.”

त्यानं सांगितलं. पहिल्यांदा तो अडखळत, जमिनीकडं बघत बोलला. तेरेझा स्टुलावर बसून एकेक वाक्य ऐकत होती. उन्हात पाठ शेकावी तसं तिला वाटलं.

पण वर्षभरात आदामला ते जमायला लागलं. कुठं थांबायचं, कुठं भिंतीकडं बघायचं, सगळं. “मी त्याला सोडून गेलो,” म्हणताना तो रडायचा. पाहुणे त्याचा हात धरायचे, एका म्हातारीनं तर त्याला छातीशी घेतलं. पेट्या पूर्वीपेक्षा जास्त जायला लागल्या. 

एका शनिवारी बस गेल्यावर तेरेझा त्याला म्हणाली, “रडायचं नाही.”

“मुद्दाम नाही गं रडत...”

“रडलास की परत पहिल्यापासून सांगायचं. सगळ्यांसमोर.”

पुढच्या शनिवारी त्याला तीनदा सुरुवात करावी लागली. पाहुणे अवघडले, कुणी घड्याळ पाहिलं. तिसऱ्या वेळी तो कोरड्या आवाजात, ओझं उतरवणाऱ्या हमालासारखा बोलला आणि कुणी त्याचा हात धरला नाही. तेव्हापासून ते तसंच चाललं.

गेल्या वसंतात आदामला झटका आला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, शब्द लाळेबरोबर निसटायला लागले. त्याची लेक तळघरात तेरेझाकडं आली. “मावशी, आता पुरे करा ना. बाबांना दोन वाक्यांना दहा मिनिटं लागतात.”

तेरेझानं स्टूल जरा पुढं ओढलं, म्हणजे नीट ऐकू येईल.

“लागू देत,” ती म्हणाली. “मला कुठं जायचंय?”