उभ्या गाडीचं ॲव्हरेज

धायरीच्या संपतराव पोकळ्यांनी आयुष्यात कधी टाकी फुल केली नव्हती. पंपावर जायचं, पाचशेचं टाका म्हणायचं, ते संपलं की पुन्हा पाचशेचं. त्यामुळे आपली तेरा वर्षांची पिकअप लिटरला किती पळते हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्यामुळे झोप छान लागत होती. ती झोप त्यांच्या मुलाने घालवली.

"आप्पा, गाडीचं ॲव्हरेज काय आहे?" रविराजने एका रविवारी जेवताना विचारलं. तो आयटीत नोकरीला होता. त्याला प्रत्येक गोष्टीचा आकडा लागायचा.

"देती की चांगलं."

"चांगलं म्हणजे किती?"

"चांगलं म्हंजे चांगलं. भाकरी मोडून खा, गार व्हायलीय."

रविराजने भाकरी खाल्ली, पण विषय सोडला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः पंपावर जाऊन टाकी गळ्यापर्यंत भरून आणली. चार दिवसांनी पुन्हा गळ्यापर्यंत भरली, किलोमीटरला लिटरने भागलं आणि बापापुढे मोबाइल धरला. आठ पॉइंट नऊ.

"हे काही परवडत नाही, आप्पा. लिटरला बारा दिले तर ठेवा गाडी. नाहीतर दिवाळीनंतर काढून टाकू."

काढून टाकू म्हणजे काय, हे संपतरावांना नीट कळलं. गाडी गेली की पाण्याचा धंदा गेला. शेताची शेवटची पट्टी विकली तेव्हा भावाने मोठी मोटार घेतली, यांनी पिकअप घेतली. आधी भाजी वाहिली, आणि गेली आठ वर्षं ते शनिवार पेठेत आणि कसब्यात प्यायच्या पाण्याचे जार पोचवत होते. रोजची चौदा ठिकाणं, दोन खेपा. ते सुटलं की उरतं सोसायटीच्या गेटजवळचं बाकडं. तिथे गावातली जमिनी विकून मोकळी झालेली मंडळी सकाळपासून बसायची आणि कोणाचा गुंठा कितीला गेला तेच तेच बोलायची. संपतराव एकदा आजारपणात आठवडाभर तिथे बसले होते. आठवडाभरात त्यांना आजारपण बरं वाटायला लागलं होतं.

म्हणून ते गाडी घेऊन तडक केदार मिस्त्रीकडे गेले. केदारने एअर फिल्टर काढून आपटला तेव्हा त्यातून बचकभर माती निघाली. टायरमध्ये हवा कमी होती. मागचा एक ब्रेक धरून ठेवत होता, म्हणजे गाडी इतके महिने पाय रोवूनच पळत होती. हौद्यात सिमेंटची अर्धी गोणी दगड होऊन पडलेली, एक गंजका पत्रा आणि कोणाच्या तरी मांडवाचे दोन लोखंडी पाइप होते. ते सगळं उतरवलं. पुढच्या टाकीला आकडा आला दहा पॉइंट एक.

"माझ्याकडनं एवढंच, आप्पा," केदार म्हणाला. "ऱ्हायलेलं तुमच्या चालवन्यात हाय."

तीस वर्षं चालवतोय, असं संपतरावांच्या ओठांवर आलं होतं. पण मिस्त्रीशी वाकडं घेऊन चालत नाही, म्हणून पैसे देऊन निघाले.

उरलेलं कुठे आहे ते सांगितलं श्यामलाबाई केतकरांनी. बाई भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, वय अठ्ठ्याहत्तर, शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि बाईंच्या बोलण्याला साखर नव्हती. संपतरावांनी खांद्यावरचा जार खाली ठेवला तशा त्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "सात मिनिटं."

"काय सात, बाई?"

"आपली गाडी माझ्या खिडकीखाली सात मिनिटं धूर सोडते आहे. रोज मोजते मी. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी छंद हवा."

एरवी संपतराव हसून निघून गेले असते. पण त्या दिवशी मनात बारा आणि दहा घोळत होते, त्यामुळे त्यांनी सगळी हकिगत सांगून टाकली.

"किती ठिकाणी थांबता?" बाईंनी विचारलं.

"चौदा."

"चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव. म्हणजे रोज दीड तासाहून जास्त गाडी उभ्या उभ्या डिझेल पिते आणि एक इंच पुढे जात नाही. संपतराव, उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं. त्याला मिस्त्री लागत नाही, किल्ली फिरवावी लागते."

"तसं न्हाई, बाई. कसब्यातल्या बोळात गाडी बंद केली की लोक म्हनत्यात, यानं हितंच मुक्काम ठोकला. इंजान चालू असलं की त्यांनाबी कळतं, गडी निघालाच हाय. गप बसत्यात."

हे खरंच होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं संपतरावांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कसब्यातल्या अशाच एका बोळात गाडी बंद केली होती, ती पुन्हा सुरूच झाली नाही. मागे वाहनांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले, आणि स्कूटरवरचा एक जण सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आजोबा, गाडी आणि तुम्ही, दोघंही रिटायर व्हा आता." चार जणांनी ढकलत गाडी बोळाबाहेर काढली तेव्हा संपतराव स्टिअरिंगवर मान खाली घालून बसले होते. स्टार्टर दुसऱ्याच दिवशी नवा बसवला. भीती मात्र जुनीच राहिली. तेव्हापासून धायरीतून निघताना फिरवलेली किल्ली ते परत धायरीतच फिरवत.

त्या दिवशी बाईंच्या दारात उभं राहून त्यांनी हे सांगितलं. बाईंनी चष्मा पुसला.

"उद्या माझ्या खिडकीखाली बंद करून बघा. नाही सुरू झाली तर मी येते ढकलायला."

दुसऱ्या दिवशी संपतरावांनी बाईंच्या खिडकीखाली किल्ली उलटी फिरवली. वर गेले तर दार बंद. एरवी बाई दारात उभ्या असायच्या. संपतरावांनी दार ठोठावलं.

"गाडीच्या आवाजावरून कळायचं, आपण आलात ते," दार उघडून बाई म्हणाल्या. "आता बेल वाजवत जा. ती त्यासाठीच आहे."

खाली येऊन त्यांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली. त्यांनी ती पुन्हा बंद केली आणि पुन्हा सुरू केली, उगीच. वर खिडकीत बाई उभ्या होत्या. हसल्या नाहीत, पण मान डोलावून आत गेल्या.

मग चौदाही ठिकाणी गाडी बंद राहू लागली. कसब्यात दोन-तीनदा शिव्या खाव्या लागल्या. संपतरावांनी त्या खाल्ल्या. जार पोचवून येताना पावलं मात्र जरा भरभर उचलत होते.

पुढच्या टाकीला दोनशे बावन्न किलोमीटर आणि वीस लिटर. बारा पॉइंट सहा. संपतरावांनी पंपाची पावती रविराजपुढे ठेवली आणि समोरच बसले. रविराजने मोबाइलवर दोनदा हिशोब केला आणि मोबाइल बाजूला ठेवला.

"बारा म्हनला व्हतास. वर हाय. मग तोंड का पाडलंस?"

"आप्पा, मला डिझेलचं काही पडलेलं नव्हतं," रविराज म्हणाला. "वीस लिटरचा जार खांद्यावर घेऊन दोन-दोन मजले चढता तुम्ही. एकसष्ट चालू आहे. रात्री गुडघे चोळत बसता, ते मला दिसत नाही का? आता बस करा म्हटलं असतं, तर ऐकलं असतंत? म्हणून गाडीवर घातलं. वाटलं, एवढी जुनी गाडी काही बारा देत नाही."

संपतरावांना राग आला. पोराने आपल्याला महिनाभर खेळवलं म्हणून आला, आणि गुडघ्यांचं खरं होतं म्हणून जास्त आला. पण पोराला काळजी आहे याचं बरंही वाटलं, आणि या दोन्हींचं काय करावं ते त्यांना कळेना.

"मी गाडी बंद का करत नव्हतो, ठाव हाय का तुला?" ते शेवटी म्हणाले. "परत चालू व्हायची न्हाई, म्हून."

"मग?"

"व्हतीय की चालू." त्यांनी पावती घडी करून खिशात घातली. "रविवारी बंद ठिवतो. पर सोमवारी निघनार."

रविवारी ते बाकड्यावर बसले. गुंठ्यांचे भाव ऐकले, दुपारी झोपले, गुडघ्यांना बरं वाटलं.

सोमवारी सकाळी त्यांनी गाडी सुरू केली, तेवढ्यात रविराज खाली आला. ऑफिसला जायच्या कपड्यांतच होता. बाह्या वर सारून तो एकेक जार हौद्यात चढवू लागला. वीसेक जार होते, वेळ लागणार होता. संपतरावांनी इंजिन बंद केलं.