दौंडचे आप्पा आणि कर्नलचा नंबर

दौंडच्या आप्पांना कोणी म्हटलं, "कॉम्प्युटर बिघडलाय," की काय बिघडलंय हे ते विचारायचेच नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला. "नंबर काय हाय?" कंपनीचा नाही, फोनचा नाही. कॉम्प्युटरच्या पोटात बसून जो गाभा सगळं हलवतो, त्याला कर्नल म्हणतात, त्याचा नंबर. तोही पुरता, शेवटच्या आकड्यापर्यंत. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा म्हटलं, "आप्पा, पाच का सहा असं काहीतरी आहे." पलीकडून आवाज आला, "बाई, आधार कार्डाचा नंबर असा सांगता का?"

आप्पा रेल्वेतले फिटर. रिटायर झाल्यावर कोणाचा तरी टाकलेला कॉम्प्युटर घरी आणला आणि त्यावर लिनक्स शिकले, गुरुबिरू काही नाही. म्हणायचे, "आटे जुळले न्हाईत तर पाना कितीबी मोठा घ्या, नट बसत न्हाई. हितंबी तसंच."

मी निमोण्याच्या आमच्या बायकांच्या दूध केंद्राची सेक्रेटरी. शिक्षण सातवी, कॉम्प्युटर शिकले ते साठीच्या उंबरठ्यावर, चुकतमाकत. तर झालं असं, दुधाचं फॅट मोजायचं मशीन कॉम्प्युटरला जोडणारी केबल उंदराने कुरतडली. शिरूरहून नवी आणली, तर कॉम्प्युटर तिला ओळखच देईना. चार दिवस हाताने लिहिलं. मग डेअरीचे सुपरवायझर बजावून गेले, "उद्या संध्याकाळी मशीनचं रीडिंग थेट कॉम्प्युटरवर पाहिजे. नाहीतर केंद्र बंद. दूध शेजारच्या गावाला घाला." शेजारचं गाव म्हणजे किटली घेऊन तासाची पायपीट, ती दोन वेळा. अकरा जणींपैकी निम्म्यांनी म्हशीच विकल्या असत्या.

शिरूरच्या दुकानदाराने खटपट केली होती बरं का. कर्नल ज्या मूळ लिखाणातून घडतो त्याला सोर्स म्हणतात. त्याने इंटरनेटवरून सगळ्यात नवा सोर्स आणला, पण आमच्या कॉम्प्युटरने तो हाकलून दिला. आप्पा फोनवर म्हणाले, "नवा कशाला? आपला पाह्यजे. त्यात केबलींची यादी आसती. तुमची केबल यादीत न्हाई. तिला यादीत घालायचं आन् तेवढाच तुकडा परत घडवायचा." मी नंबर वाचून दाखवला, दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आप्पा आले. पेनड्राइव्हवर सगळं जुळवून, तुकडा घडवून आणलेला. बसवला, तर कॉम्प्युटर घेईना! आप्पांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, लाइट गेलती का?"

"पहाटे गेली होती. इन्व्हर्टरही दमला."

तिथेच घोळ झाला होता. लाइटच्या भीतीने आम्ही कॉम्प्युटर महिनोन्‌महिने बंदच करत नाही. दरम्यान नवा कर्नल इंटरनेटवरून आपोआप आत येऊन नुसता पडून होता. लाइट जाऊन आली आणि तोच जागा झाला. कालचा नंबर पहाटेच संपला.

आमच्या अकरा जणींतल्या राधाक्काला कुठे गप्प बसवतंय? "आप्पा, तुमचाबी नंबर शिळा निघाला की!"

"व्हय," आप्पा म्हणाले. "चूक माझी. आल्या आल्या परत इचारायला पाह्यजे हुतं. चला, पयल्यापास्नं."

"पुन्हा इंटरनेटवर हुडकायचं?" मी विचारलं.

"छ्या! ज्यानं कर्नल दिला त्याच्याकडंच सोर्सबी मागायचा."

लिनक्समध्ये सामान आणून देणारा एक पॅकेज मॅनेजर असतो. त्याच्याकडे सोर्स मागितला, तर त्याने साफ हात वर केले. आप्पा हसले. "दुकान उघडं हाय, पर मागच्या गोदामाला कडी हाय." सामान कुठून आणायचं त्या पत्त्यांच्या फाइलमध्ये सोर्सची ओळ होती, पण तिच्या आधी हॅशचं चिन्ह असल्यामुळे ती बंद. "काढा ते."

"मी?"

"मग कोन? मी रोज दौंडावनं येऊ?"

काढलं. यादी ताजी केली, पडद्यावरचा नवा नंबर घालून सोर्स मागितला, आणि आला की हो तो! राधाक्का फोन उंच धरून खिडकीत उभी, कारण नेटची रेंज तिथेच. हात भरून आला तशी ती म्हणाली, "आप्पा, यापरीस धारा काढणं सोपं." आप्पा केबलचा नंबर सांगत होते, मी यादीत घालत होते. एकदा स्वल्पविराम राहिला, एकदा कंसच. दोन्ही वेळा घडणं अर्ध्यावर मोडलं. आप्पांचं एकच, "घाई न्हाई. पर थांबायचंबी न्हाई." घरून आलेली भाकरी तशीच फडक्यात राहिली.

पावणेपाचला तुकडा बसला. पाचला पहिली किटली राधाक्काची. पडद्यावर आकडा उमटला: सहा पॉइंट आठ. सुपरवायझरांनी विचारलं, "कोणी केलं?" आप्पा चप्पल घालत होते. "सेक्रेटरीबाईंनी. मी नुसता बसलो हुतो."

कर्नल बदलला की तो तुकडा पुन्हा घडवावा लागतो. त्यानंतर कितीदा घडवला, आता मोजत नाही. परवाच्या थंडीत एका सकाळी मशीन असंच अडलं, बायका किटल्या घेऊन उभ्या, आणि फोन आला की आप्पा गेले. राधाक्का म्हणाली, "तू जा, आम्ही लिहितो हातानं." मी नाही गेले. खुर्चीवर बसले. अक्षरं धूसर दिसायची, पदराने डोळे पुसायचे, पुन्हा बघायचं. शेवटच्या बाईचं दूध मापून झालं, तेव्हा एसटी धरली.

दौंडला पोचले तर माणसं स्मशानातून परतलेली. आप्पांच्या पत्नी, आमच्या वहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "उशीर केलात."

"केंद्राचं मशीन अडलं होतं, वहिनी."

त्यांनी मान वर केली. "चाललं का मग?"

"चाललं."

"मग बराबर केलंत," त्या म्हणाल्या, आणि सरकून मला शेजारी जागा करून दिली.